फडावर न गेलेला आवाज

गेल्या शतकाच्या पन्नाशीत ‘कलगीतुरा’ नावाचा एक मराठी बोलपट निघाला होता. आज तो फारसा कुणाला आठवत नाही, पण त्यातल्या लावण्यांमुळे मराठी गाण्याच्या इतिहासात त्याची नोंद घ्यावीच लागते. त्या लावण्या राजा बढे यांनी लिहिल्या. बढे १९१२ साली नागपुरात जन्मले आणि ‘जय जय महाराष्ट्र माझा’ लिहिणारे कवी म्हणून सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. त्या लावण्या गायल्या सुलोचना कदम या वीस वर्षांच्या आतबाहेरच्या मुलीने. तिचा जन्म १९३३ सालचा, मुंबईत गिरगावच्या फणसवाडीतला. चित्रपटाचे दिग्दर्शक होते एस. चव्हाण, म्हणजे श्यामराव चव्हाण. १९५३ साली त्यांच्याशी तिचं लग्न झालं आणि सुलोचना कदमची सुलोचना चव्हाण झाली. शब्द नागपूरच्या कवीचे, गळा गिरगावच्या मुलीचा आणि माध्यम बोलपटाचं. फडावर जन्मलेलं, कनातीमागे वाढलेलं, पायात चाळ बांधून गावोगाव हिंडलेलं यात कुणीही नाही. तरीही पुढची पन्नाससाठ वर्षं ‘लावणी’ म्हटलं की मराठी माणसाच्या कानात जो आवाज वाजायचा, तो याच साखळीतून आला.

यावर दोन प्रतिक्रिया सहज उमटतात. पहिली कौतुकाची: कला जातपात, गावशिव मानत नाही. दुसरी संशयाची: हे सगळं शहरातलं, स्टुडिओतलं, उसनं; खरी लावणी फडावरच राहिली. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण सुलोचनाबाईंच्या कारकिर्दीचा उलगडा दोन्हींनी होत नाही. एखाद्या मुलखाचं गाणं रक्तातून आपोआप उतरत नाही. ते कमवावं लागतं, मुख्यतः उच्चारातून कमवावं लागतं, आणि श्रोत्यांनी ते कबूल करावं लागतं. सुलोचनाबाईंनी ते पुरेपूर कमावलं. पण त्यांना ते कमावता आलं ते एका मर्यादेच्या आत राहून: त्यांचा आवाज लावणीत गेला, त्या स्वतः फडावर गेल्या नाहीत. ही मर्यादा त्यांनी आखलेली नव्हती, समाजाने आखली होती. त्यांच्या गाण्याचं मोल आणि या मर्यादेची किंमत या दोन्ही गोष्टी एका वेळी समोर ठेवल्या, तरच या कारकिर्दीचा अर्थ लागतो.

आरंभ पाहिला तर लावणीच्या दिशेने जाणारी एकही खूण त्यात दिसत नाही. घरचा ‘श्रीकृष्ण बाळमेळा’ होता. गणेशोत्सवातल्या मेळ्यांच्या त्या काळात लहान वयातच स्टेजवर उभं राहण्याची सवय तिथे झाली. गुजराती, हिंदी, उर्दू नाटकांतून बालभूमिका केल्या. रीतसर गुरू नव्हता. गाणं आलं ते ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून. वत्सलाबाई कुमठेकरांच्या लावण्यांच्या तबकड्या घरात वाजत. मुलगी त्या गुणगुणू लागली की आई रागवे. चांगल्या घरातल्या मुलीने लावणी म्हणू नये, हा धाक. म्हणजे लावणीची तबकडी घरात चालत होती, तिला मज्जाव नव्हता. मज्जाव होता मुलीच्या गळ्याला. ऐकणं प्रतिष्ठित आणि गाणं अप्रतिष्ठित, ही विभागणी महाराष्ट्रातल्या पांढरपेशा घरांनी शतकभर जपली आणि सुलोचनाबाईंना वाट काढावी लागली ती तिच्यातूनच. पार्श्वगायनाची सुरुवात हिंदीत झाली, अगदी कोवळ्या वयात. ‘कृष्ण सुदामा’पासून पुढे अनेक चित्रपटांत त्या गायल्या. १९५१ च्या ‘ढोलक’मध्ये श्यामसुंदर यांच्या संगीतात सुलोचना कदम यांनी म्हटलेली गाणी जुन्या हिंदी गाण्यांचे दर्दी आजही काढून ऐकतात. तो आवाज हळवा आहे, उर्दू वळणाचा आहे. पुढे हाच गळा लावणीत गाजेल, असं त्या गाण्यांवरून कुणालाही वाटलं नसतं.

लावणी आली ती ‘हीच माझी लक्ष्मी’ या चित्रपटातून. संगीत वसंत देसाई यांचं आणि पडद्यावर हंसा वाडकर. ‘लोकशाहीर रामजोशी’ १९४७ साली आला होता आणि तमाशाची पार्श्वभूमी असलेला बोलपट लोक डोक्यावर घेतात, हे निर्मात्यांच्या ध्यानात आलं होतं. पुढे १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ने तर पुण्यात शंभराहून अधिक आठवडे मुक्काम ठोकला. या लाटेला आवाज हवे होते. आशा भोसले होत्या, आणि त्यांनी गायलेल्या लावण्या अजोड आहेत. पण लावणी हेच आपलं घर मानून स्वतःच्या नावानिशी तिच्यात उभी राहिलेली पार्श्वगायिका सुलोचना चव्हाणच. लग्नानंतर श्यामरावांनी त्यांच्याकडून लावणीची जी तयारी करून घेतली, तिचं वर्णन त्यांनी स्वतः वेळोवेळी केलं आहे. त्या तयारीत सुरांपेक्षा शब्दांवर जोर होता. कुठला शब्द ओठात धरायचा, कुठला फेकायचा, कुठे क्षणभर थांबून ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवायचं, घाटावरच्या बोलीतला हेल कुठे उचलायचा, अर्थ आवाजातून कसा खुलवायचा. नाचणाऱ्या बाईला डोळे आहेत, भुवया आहेत, पदर आहे, कंबर आहे. मायक्रोफोनपुढे उभ्या राहिलेल्या बाईला यातलं काहीही नाही. सगळी अदा स्वरयंत्रातून काढायची. सुलोचनाबाईंच्या लावणीतला तो ओळखीचा ठसका, ओळीच्या टोकाला बसणारा झटका, ढोलकीच्या तोड्याला अचूक भिडणारं समेवरचं अक्षर, हे सगळं अशा काटेकोर मेहनतीचं फळ होतं. त्यांचं लावणी गाणं ऐकून आचार्य अत्रे यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं आणि तो किताब अखेरपर्यंत टिकला.

या मेहनतीचा सगळ्यात बोलका पुरावा १९६२ च्या ‘रंगल्या रात्री अशा’ या चित्रपटात आहे. जगदीश खेबुडकर तेव्हा नवखे होते. कोल्हापूर भागातले शाळामास्तर. वसंत पवार यांच्या चालीवर त्यांनी जी लावणी लिहिली, तिच्यातली बाई आपलं गाव कोल्हापूर असल्याचं ठणकावून सांगते आणि स्वतःच्या तिखटपणाचा तोरा मिरवते. हे म्हणणारा गळा गिरगावचा. पण खुद्द कोल्हापुरानेही ही बाई परकी मानली नाही, उलट आपल्या नावाची शान वाढली म्हणून ती लावणी मिरवली. गावाचं नाव घेण्याचा अधिकार जन्मदाखल्यावरून ठरत असता, तर हे झालं नसतं. तो अधिकार उच्चाराने मिळाला. ‘सवाल माझा ऐका’ आणि ‘मल्हारी मार्तंड’ या लागोपाठच्या दोन वर्षांतल्या चित्रपटांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. ‘मल्हारी मार्तंड’साठी लेखणी ग. दि. माडगूळकरांची, चाल पुन्हा पवारांची; आणि तोवर स्थिती अशी झाली होती की लावणी लिहिणारा कवी मनातल्या मनात हाच आवाज धरून लिहीत असणार.

यावर पहिला आक्षेप येतो तो शुद्धतेचा. चित्रपटातली लावणी ही लावणी नव्हेच, असं लोकसाहित्याचे काही अभ्यासक बजावून सांगतात. फडावरची लावणी तास तास रंगते, बैठकीच्या लावणीत एकाच ओळीवर दहा तऱ्हांनी अदा होते, समोरच्या रसिकाच्या दादेवर तिची लांबी ठरते. तीन मिनिटांच्या तबकडीत हे काही मावत नाही, आणि तबकडीला समोरचा रसिक दिसत नाही. हे म्हणणं खरं आहे. जुन्नरी, बालेघाटी, छक्कड अशा लावणीच्या तऱ्हांतलं जे वैविध्य संगीतबारीवाल्यांनी सांभाळलं, त्यातलं फार थोडं चित्रपटात उतरलं. पण इथून ‘म्हणून ही उसनी कला’ या निष्कर्षावर उडी मारली जाते, तेव्हा लावणीचा इतिहास आड येतो. लावणी शुद्ध कधी होती? पेशवाईतल्या शाहिरांची नावं घ्या. रामजोशी सोलापूरचे ब्राह्मण, घरात पुराण-कीर्तनाची परंपरा. अनंत फंदी संगमनेरचे ब्राह्मण. होनाजी गवळी आणि त्याचा जोडीदार बाळा शिंपी. सगनभाऊ मुसलमान शिकलगार. पुढे पठ्ठे बापूराव, जन्माने श्रीधर कुलकर्णी, गावची ब्राह्मणकी सोडून फडात गेले आणि पवळाबाईंच्या साथीने त्यांनी तमाशा गाजवला. लावणीचे कर्ते नेहमीच बाहेरून आत आले. तिचा कस लागला तो शब्द, ठेका आणि समोरच्या माणसाची पकड यांवर. या कसावर सुलोचनाबाई रामजोशींच्या वारसदार ठरतात, आणि हे मी विचारपूर्वक म्हणतो.

मात्र ही नावं मोजताना त्यांच्यातली एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते: ते सगळे पुरुष आहेत. पुरुषाला आपली जात सोडून लावणीत येता येत होतं. बापूरावांना वाळीत टाकलं गेलं, हाल झाले, पण ती वाट त्यांच्यासाठी उघडी तरी होती. बाईसाठी ती उघडी नव्हती. लावणी नाचणारी, गाणारी बाई ठरावीक जातींतली, कोल्हाटी, महार, मांग, डोंबारी यांतली. ती फडावर यायची ती जन्माने, आणि फड तिला जन्मभर सोडायचा नाही. वरच्या जातीतली बाई लावणी ऐकू शकत होती, तीही पडद्याआडून. म्हणू शकत नव्हती. हा कुलूपबंद दरवाजा मायक्रोफोनने उघडला. लावणीत गेलेली आणि संध्याकाळी आपल्या घरी परतलेली, सौभाग्याचं कुंकू लावून दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन कार्यक्रमाला उभी राहिलेली सुलोचना चव्हाण ही पहिल्या काही बायांपैकी एक, आणि त्यांत सगळ्यात मोठी. रंगमंचावर त्या अंगविक्षेप करत नसत, नाचत नसत. शब्द शृंगाराचे, मुद्रा भजन म्हणणाऱ्या बाईची. हे दृश्य लोकांना विलोभनीय वाटलं, कारण त्यात त्यांच्या मनातला पेच सुटत होता: लावणी ऐकायची आहे आणि शरमायचंही नाही.

तो पेच किती खोल होता, हे सरकारी धोरणावरूनही दिसतं. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली. फडवाल्यांनी पोटावर पाय आल्याची तक्रार केली, गाऱ्हाणी घातली, तेव्हा ती उठली. पण वग आणि लावण्या आधी तपासून घेण्याची, ‘सुधारलेल्या’ तमाशाची अट लागली. नेमक्या याच वर्षांत बोलपटातल्या तमाशाला गर्दी लोटत होती. फडावरची बाई अश्लील आणि तिच्याच कथेवरचा चित्रपट पाहायला सहकुटुंब जायचं, असा हा व्यवहार. सुलोचनाबाईंची कारकीर्द याच फटीत वाढली. त्यांना यासाठी बोल लावणं अन्यायाचं होईल. पण फट होती हे नाकारणंही खोटेपणाचं.

इथे दुसरा, जास्त जड आक्षेप समोर उभा राहतो. सुलोचनाबाईंनी लावणी घरोघरी नेली, पण त्यात फडावरच्या बाईचं काय झालं? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान, १९३५ चा जन्म. भाऊ-बापू मांग यांच्या फडात वाढल्या, तमाशाचं दैवत बनल्या. प्रयोग चालू असताना प्रसूती झाली, नाळ तोडून त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, अशी हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. २००२ साली गेल्या तेव्हा मात्र विपन्नावस्थाच होती. वाईच्या यमुनाबाई, कोल्हाटी समाजातल्या, १९१५ साली जन्मलेल्या. बालपण आईबरोबर नाचून-मागून पोट भरण्यात गेलं, आणि बैठकीच्या लावणीत त्यांनी गाठलेली उंची अभिजात गायकांनाही थक्क करणारी होती. सत्यभामाबाई पंढरपूरकर, गुलाबबाई संगमनेरकर, अशी नावं आणखी घेता येतील. या बायांच्या गळ्यावर आणि घामावर लावणी पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली. घरातल्या रेडिओवर मात्र त्यांना क्वचितच जागा मिळाली. त्यांच्या लावणीला ‘ठसका’ म्हणून दाद देणारा समाज त्यांच्या मुलींना सून म्हणून घ्यायला तयार नव्हता. मग सुलोचनाबाईंचं यश म्हणजे फडाच्या श्रमाची सभ्य घराने केलेली उचल नाही का?

या आक्षेपापुढे मान डोलावून मोकळं होता येत नाही, त्याची छाननी करावी लागते. पहिली गोष्ट, फडाचं उत्पन्न तबकडीने बुडवलं याला आधार नाही. फड खचले ते करमणूक कर, परवानग्या, गावोगावच्या सिनेमागृहांची स्पर्धा, पुढे दूरदर्शन आणि व्हिडिओ यांनी. लावणीच्या गाण्यांची चलती असल्याने फडवाल्यांना उलट नवं साहित्यच मिळालं. चित्रपटातल्या लावण्या फडांतून हमखास म्हटल्या जाऊ लागल्या. दुसरी गोष्ट, मानसन्मानाचा हिशेब लोक समजतात तितका एकतर्फी नाही. यमुनाबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९९५ साली मिळाला, पद्मश्री २०१२ साली. सुलोचनाबाईंना पद्मश्री मिळाली ती २०२२ साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या गेल्या. म्हणजे फडावरच्या थोर बाईला सरकारने दहा वर्षं आधी ओळखलं. सिनेमाच्या लावणीला उलट ‘लोककला’ आणि ‘सुगम’ यांच्या मधल्या जागेत ताटकळत ठेवलं. पण तिसरी गोष्ट आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने जाते आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सुलोचनाबाईंच्या यशाने लावणीचा आवाज प्रतिष्ठित झाला, लावणीचं शरीर प्रतिष्ठित झालं नाही. नाचणाऱ्या बाईकडे पाहण्याची नजर बदलली नाही. उलट ‘पहा, लावणी अशीही गाता येते, पदर घेऊन’ असं म्हणत तीच नजर पक्की झाली. त्यांनी हे हेतूने केलं नाही, पण त्यांच्या गाण्याचा हा उपयोग समाजाने करून घेतला, आणि त्याची भरपाई अजून झालेली नाही.

नागपुरात बसून हा इतिहास लिहिताना आणखी एक प्रश्न टाळता येत नाही. बाई गाते-नाचते या अर्थाने लावणी विदर्भाची कधी होती का? खेरांची बंदी नागपुरात लागूच नव्हती, कारण १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रांताची, पुढे मध्य प्रदेशची राजधानी होती. मुंबई इलाखा हे दुसरं राज्य. विदर्भाच्या स्वतःच्या तऱ्हा होत्या आणि आहेत: खडी गंमत, दंडार, डाहाका. खडी गंमतीत शाहीर डफावर उभा राहतो, सवाल-जबाब रंगतात, शृंगाराची गाणीही असतात. पण तिथे नाचणारी बाई ही बाई नसायचीच. लुगडं नेसलेला, पायात घुंगरं बांधलेला नाच्या पुरुष असायचा. पश्चिम महाराष्ट्रात बाईला फडावर आणून तिला बदनाम केलं, विदर्भात बाईला फडावर येऊच दिलं नाही. यात कुणी कुणापेक्षा उदार होतं असं म्हणण्यात अर्थ नाही. मग नागपूरकराच्या कानावर बाईच्या गळ्यातली शृंगारिक लावणी पहिल्यांदा रोजच्या रोज आली कुठून? सिनेमागृहातून आणि रेडिओतून. नागपूर आकाशवाणी १९४८ सालची, विविध भारती १९५७ सालची. दोन्हींच्या मध्ये, १९५३ साली, नागपूर करार झाला. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. राज्याची जुळणी करारांनी झाली, कानांची जुळणी अशा गाण्यांनी. वऱ्हाडी, झाडीबोली बोलणाऱ्या घरात घाटावरची बोली आपली वाटू लागली त्यात सुलोचनाबाईंच्या आवाजाचा वाटा मोठा आहे.

हे पश्चिम महाराष्ट्राचं आक्रमण होतं, असं म्हणणारे वैदर्भीय आहेत, आणि त्यांची तक्रार पोकळ नाही. ‘महाराष्ट्राची लोककला’ म्हटलं की लावणी पुढे येते आणि खडी गंमत, दंडार यांची नावं पुण्या-मुंबईत माहीतही नसतात. विदर्भातल्या शाहिरांच्या ध्वनिमुद्रणांची तबकडी-कंपन्यांनी कधी फिकीर केली नाही. पण या तक्रारीचा रोख सुलोचनाबाईंकडे वळवणं चूक आहे. ‘कलगीतुरा’मधल्या त्यांच्या लावण्यांचे शब्द नागपूरच्या कवीचेच होते. म्हणजे लावणी महाराष्ट्राची झाली, त्या कामात विदर्भ फक्त ऐकणारा नव्हता, लिहिणाराही होता. आणि झाडीपट्टीत, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत, दिवाळीपासून होळीपर्यंत रात्ररात्र चालणाऱ्या नाटकांत आज लावणी हमखास असते आणि ती सादर करणारी बहुधा बाई असते. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांनी बायांना स्टेजवर उभं केलं, तेव्हा त्यांच्यासमोर अनुकरणाला खडी गंमतीतला नाच्या नव्हता. बोलपटातून, रेडिओतून ओळखीची झालेली बाईच्या गळ्यातली लावणी होती. विदर्भाने ती उसनी घेतली असेल, पण आपल्या गरजेसाठी घेतली.

जगात इतरत्रही हे असंच घडलेलं दिसतं, आणि तुलनेसाठी फार दूरचं पण नेमकं उदाहरण अमेरिकेतल्या मेक्सिकन समाजाचं आहे. लिडिया मेंडोझा १९१६ साली टेक्ससमधल्या ह्यूस्टनला जन्मल्या. कुटुंबासह चौकात, तंबूंच्या खेळांत गात हिंडल्या. १९३४ साली बारा तारांच्या गिटारवर म्हटलेल्या एका गाण्याने सीमेच्या दोन्ही बाजूंना त्यांचं नाव झालं. ही विठाबाईंच्या जातकुळीची कारकीर्द, तंबूतून वर आलेली. सेलेना १९७१ सालची, टेक्ससचीच, घरात आणि शाळेत इंग्रजी बोलत वाढलेली. तिला स्पॅनिश नीट येत नव्हतं. वडिलांनी एकेक शब्द, एकेक उच्चार पढवून तिच्याकडून ती गाणी बसवून घेतली, आणि पुरुषांचं मानलं गेलेलं तेहानो संगीत तिने आपलं करून टाकलं. १९९५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी तिचा खून झाला, तेव्हा लाखो मेक्सिकन-अमेरिकन घरांत आपली मुलगी गेल्याचा शोक झाला. लिंडा रॉन्स्टॅट रॉकगायिका म्हणून अमेरिकाभर गाजल्यावर १९८७ साली वडिलांकडून ऐकलेल्या मेक्सिकन गाण्यांकडे वळल्या, आणि तो संच वीस लाखांवर खपला. जेनी रिव्हेरा कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचची, १९६९ चा जन्म. ब्रास वाद्यांच्या बांदा संगीतात बायांना फारशी जागा नसताना तिने नवऱ्याच्या मारझोडीवर, फसवणुकीवर गाणी म्हटली. उच्चार शिकून मुलूख मिळवणारी सेलेना आणि सुलोचनाबाई यांच्यात साम्य उघड आहे. पण फरक जास्त शिकवणारा आहे. तिकडे या गाण्यांवर कलंक होता तो गरिबीचा, स्थलांतराचा, गोऱ्या समाजाने तुच्छ लेखलेल्या भाषेचा. म्हणून ते गाणं गाजवणारी बाई साऱ्या समाजाची मान उंचावणारी ठरली. इकडे कलंक आपल्याच समाजाने आपल्याच बायांवर लावलेला. त्यामुळे सेलेनाला जे एका झटक्यात मिळालं, ते सुलोचनाबाईंना अर्धंच मिळालं. त्यांनी लावणीला मान मिळवून दिला, पण लावणीवाल्यांना देता आला नाही. तो देणं एकट्या गायिकेच्या हाती नव्हतंच.

एकविसाव्या शतकात ही मर्यादा सरकली, पण विचित्र रीतीने. २०१० सालच्या ‘नटरंग’ने, आनंद यादवांच्या कादंबरीवरच्या त्या नाच्याच्या गोष्टीने, लावणी पुन्हा गाजवली. बेला शेंडे यांचा पुण्यात शास्त्रीय तालमीवर घडलेला गळा, आणि पडद्यावर नाचणाऱ्या तारकाही फडाशी नातं नसलेल्या घरांतल्या. त्यानंतर शाळांच्या संमेलनांत, दूरचित्रवाणीच्या स्पर्धांत, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत नऊवारी नेसून लावणी नाचणं सर्रास झालं. म्हणजे सुलोचनाबाईंच्या काळी आवाजापुरती उघडलेली वाट आता नाचालाही उघडली. सुरेखा पुणेकरांसारख्या बारीतून आलेल्या कलावतीनेही शहरी नाट्यगृहं भरवून दाखवली, हे त्यात मोलाचं. पण चौफुला, मोडनिंब, जामखेड इथल्या कला केंद्रांत रात्री बारीवर बसणाऱ्या बायांच्या मुलींना शाळेत काय ऐकावं लागतं, त्यांच्या घराला भाड्याची खोली कोण देतं, हे प्रश्न जिथल्या तिथे आहेत. लावणीच्या स्पर्धेत बक्षीस घेणारी मुलगी आणि बारीवरची मुलगी यांचा कार्यक्रम एकाच रात्री, एकाच लावणीवर असू शकतो. एकीच्या आईवडिलांना टाळ्या मिळतात, दुसरीच्या आईला पोलिसांच्या परवान्याची चिंता असते.

म्हणून सुलोचनाबाईंचं मोल लावताना ‘त्यांनी लावणीला प्रतिष्ठा दिली’ हे वाक्य मला पुरेसं वाटत नाही. प्रतिष्ठा दिली-घेतली जाते ती माणसांना. त्यांनी जे दिलं ते याहून नेमकं आहे: नाचाचा, नजरेचा, पदराचा आधार काढून घेतल्यावरही लावणी उभी राहते, तिच्यातला शृंगार शब्दांच्या बळावर पेलता येतो, हे त्यांनी सिद्ध केलं. यमुनाबाईंची बसून केलेली अदा ऐकली आणि लगेच सुलोचनाबाईंची तबकडी लावली, तर दोघी एकाच गोष्टीकडे वेगवेगळ्या वाटांनी गेल्या होत्या हे कळतं. शब्द उलगडत नेण्याची तीच ओढ, ओळ हातची न सोडण्याचा तोच हट्ट. श्यामरावांच्या तालमीत घोटलेला उच्चार आणि वाईच्या बैठकीत वयाची सत्तर-ऐंशी वर्षं मुरलेला उच्चार यांची शेजारी शेजारी ठेवून चिकित्सा करणारं पुस्तक मराठीत व्हायला हवं. तबकड्या आहेत, आकाशवाणीची ध्वनिमुद्रणं आहेत, अकादमीच्या संग्रहात यमुनाबाई आहेत, सुलोचनाबाईंचं आत्मकथनही आहे. त्यांचे चिरंजीव विजय चव्हाण यांनी ढोलकीवर ज्या लावण्या वर्षानुवर्षं वाजवल्या, त्यांच्या ठेक्यांचं ज्ञान अजून जिवंत माणसांच्या बोटांत आहे. खडी गंमतीचे म्हातारे शाहीर विदर्भातल्या गावांत अजून डफ काढतात. हे काम नागपूरच्या एखाद्या अभ्यासकाने हाती घेतलं, तर सुरुवात राजा बढे यांच्या लावण्यांपासून करता येईल.